माळावरची पहिली बाग: वाचकांचे प्रश्न

मृगाच्या तोंडावर आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय पुन्हा पुन्हा येतो. जिथे आजवर कधी बाग नव्हती, त्या रानात बाग उभी करायची आहे. कुणाकडे पुनर्वसनातली जमीन आहे, कुणी गावठाण सोडून माळावर वस्ती केली आहे, कुणाच्या वाटणीला ओढ्यापलीकडचा मुरमाड तुकडा आला आहे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटर आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे इथलं नवं रोप दोनच वेळा मरतं, मे महिन्यात तहानेनं आणि सप्टेंबरात पाण्यात गुदमरून. खालची बरीचशी उत्तरं या दोन महिन्यांभोवतीच फिरतात.

प्रश्न: आजोबांची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली. बदल्यात मिळालेली ५ एकर आजवर पडूनच होती, पावसाच्या भरवशावर थोडी मटकी व्हायची. आता आम्ही दोघे भाऊ तिथेच वस्ती करून राहिलो आहोत. विहीर आहे. धाकटा म्हणतो, पाचही एकर डाळिंब लावू. सुरुवात कुठून करावी? (माढा तालुका)

उत्तर: रोपं आत्ताच बुक करू नका, आधी माती बघा. रानाच्या वरच्या बाजूला दोन, मधे दोन आणि उताराच्या पायथ्याला दोन असे सहा खड्डे घ्या. प्रत्येक ३ फूट खोल आणि माणूस आत उतरून भिंत बघू शकेल इतका रुंद. निघालेली माती फुटाफुटाला वेगळी टाका. मग आत उतरा आणि कुदळीच्या टोकानं भिंतीवर वरून खाली ओरखडा काढा. वर तपकिरी माती, खाली लालसर मुरूम आणि त्यात बोट शिरेल अशा भेगा दिसल्या तर मुळं तिथून जातील. वीतभर मातीखाली पांढुरका, कुदळ टणकन वाजावी असा थर लागला तर ती चुनखडी. ठिबकच्या नळ्या धुवायला जे आम्ल वापरतात, ते पातळ करून दोन थेंब चिमूटभर मातीवर टाका. हलकी फसफस झाली तर भागेल. उतू चाललेल्या दुधासारखा फेस वर आला तर त्या पट्ट्यात झाडाला लोह मिळणं कायमचं अवघड जाणार, हे धरून चाला.

त्याच खड्ड्यात संध्याकाळी फूटभर पाणी भरा. ते जिरलं की पुन्हा फूटभर भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर खालचा थर बंद आहे. तिथे सप्टेंबरात झाड बुडणार. सहाही खड्ड्यांतली पहिल्या दोन फुटांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तपासायला द्या. अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुन्याचं प्रमाण मागून घ्या. चुन्याचा आकडा मागितल्याशिवाय पुष्कळदा लिहिला जात नाही.

आता पाणी. जानेवारीतली विहीर बघून बाग ठरवू नका. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात २०० लिटरचा बॅरल मोटारीच्या तोटीखाली लावा आणि किती वेळात भरतो ते मोजा. ४ मिनिटांत भरला तर ताशी ३००० लिटर. विहीर रोज दीड तासच चालत असेल तर हाती ४५०० लिटर. त्यातून घर आणि जनावरं वजा करा, एका दुभत्या म्हशीलाच उन्हाळ्यात ७०-८० लिटर लागतात. उरलेल्या पाण्यावर झाडांची संख्या बसवा. डाळिंब साडेचार बाय ३ मीटरवर लावलं तर एकरी साधारण ३०० झाडं येतात. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला रोज ७-८ लिटर, म्हणजे एकराला २४०० लिटर. हे जमतंसं वाटतं. पण चौथ्या वर्षी तेच झाड उन्हाळ्यात फळावर असेल तर ३०-३५ लिटर मागतं आणि एकराची गरज १० हजारांवर जाते. पहिल्या वर्षाच्या हिशेबानं ५ एकर लावलेली बाग चौथ्या वर्षी वाळते, ती यामुळे.

तुमच्या विहिरीचा आकडा कळेपर्यंत आमचा सल्ला असा: पाणी जिरणाऱ्या मधल्या पट्ट्यात १ एकर डाळिंब, वरच्या मुरमाड उतारावर दीड ते २ एकर सीताफळ. पायथ्याच्या सखल भागात फळझाड नकोच, तिथे कडवळ (चाऱ्याची ज्वारी) किंवा मका घ्या. उरलेलं रान दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. धाकट्या भावाची घाई समजते. पण एक एकर नीट जगवताना हाताला जे कळतं, त्यावर पुढची चार उभी राहतात.

पुनर्वसनाची जमीन बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते. बाग लावायला त्याची आडकाठी नाही, विक्रीला मात्र परवानगी लागते आणि कर्जाच्या वेळी प्रश्न येतात. सातबाऱ्यावरचा शेरा आत्ताच वाचून घ्या. झाडं लागली की ई-पीक पाहणीत त्यांची नोंदही करा, पुढे नुकसानभरपाईला तीच कामाला येते.

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात जेसीबीनं कडक मुरमात ३ बाय ३ फुटांचे खड्डे घेतले. तलावातला काळा गाळ आणून भरला आणि डाळिंब लावलं. ऑगस्टपर्यंत रोपं तरारली होती. सप्टेंबरच्या पावसानंतर पानं पिवळी पडली, आता एकेक झाड वाळतंय. दुकानदार मर रोग म्हणून औषध देतो. (सांगोला तालुका)

उत्तर: औषध टाकण्याआधी एक वाळतं झाड मुळासकट उपटा आणि खोड जमिनीलगत आडवं कापा. मर रोगात कापलेल्या लाकडात तपकिरी-काळपट पट्टे किंवा चांदणीसारखे डाग दिसतात आणि पुष्कळदा आधी एखादीच फांदी पिवळी पडते. बारीक मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. लाकूड आतून स्वच्छ, मुळं काळी, दोन बोटांत धरून ओढताच मुळाची साल मोज्यासारखी निघून येते आणि आंबूस वास येतो, तर झाड गुदमरलं आहे. तुमच्या वर्णनावरून हे तिसरं वाटतं.

कारण खड्ड्यातच आहे. कडक मुरमात जेसीबीनं घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती बकेटच्या दाबानं गुळगुळीत होतात. त्यात चिकण गाळ भरला की ती बिनछिद्राची कुंडी झाली. आजूबाजूच्या माळाचं पाणी वरून आत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. उन्हाळ्यात हाच गाळ आकसतो, भेगाळतो आणि कोवळी मुळं तोडतो. गाळ वाईट नाही. खड्ड्यात निव्वळ गाळ भरणं वाईट. एक भाग गाळ, दोन भाग वरची मुरूममिश्रित माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत एवढंच प्रमाण ठेवायचं.

जी झाडं अजून हिरवी आहेत ती वाचू शकतात. दोन ओळींच्या मधून उताराच्या दिशेनं दोन-अडीच फूट खोल चर काढा आणि त्याचं तोंड बांधाबाहेर उघडं ठेवा. खड्ड्याची चराकडची भिंत पहारीनं दोन-तीन ठिकाणी फोडा. खोडाभोवतीची माती टिकावानं हलकी करा, पाणी १० दिवस बंद ठेवा आणि त्या काळात खत देऊ नका. गुदमरलेल्या मुळाला युरिया दिला तर झाड आठवड्यात जातं. मेलेल्या झाडाच्या जागी लगेच नवं रोप लावू नका. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या.

कापलेल्या लाकडात पट्टे दिसलेच तर मुळ्या-मातीसह नमुना सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवून मगच आळवणी (बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) ठरवा. तोवर त्या झाडाचं पाणी शेजारच्या झाडाकडे वाहू देऊ नका आणि त्यावर चाललेली कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, आणि तेही शेंड्याच्या नव्या पानांवर, असं असेल तर ती चुनखडीतली लोहाची कमतरता. जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तर चुना ते बांधून ठेवतो. दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल अशी फवारणी द्या, १५ दिवसांनी पुन्हा द्या. ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचए रूपातलं लोहाचं चिलेट घ्या. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण आपल्या ८ सामूच्या जमिनीत ते टिकत नाही.

पुढच्या लागवडीला सुटे खड्डे घेऊ नका. ओळीनं सलग २ फूट रुंद, २ फूट खोल चर घ्या, शेवटचं टोक उताराला मोकळं ठेवा आणि भरल्यावर वर फूट-दीड फूट उंच बोध (मातीचा वरंबा) करून त्यावर रोप लावा. एप्रिल-मेमध्ये चर महिनाभर तापू द्या. भरताना दर झाडाच्या जागी २० किलो कुजलेलं शेणखत, १ किलो निंबोळी पेंड, ५०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मुरवलेलं २५ ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळा. शेणखत कच्चं असेल तर हुमणी आणि वाळवी दोन्ही त्याच्यासोबत येतात.

प्रश्न: आमची काळी जमीन ५-६ फूट खोल आहे, ज्वारी उत्तम येते. डाळिंब घ्यावं का? (मंगळवेढा तालुका)

उत्तर: नको. त्या जमिनीत ओल धरून राहते, म्हणून मालदांडी ज्वारी बिनपाण्याची पिकते. डाळिंबाला बहारासाठी, म्हणजे एकदम फुलं येऊन फळ धरण्यासाठी, पाण्याचा ताण बसावा लागतो आणि खोल काळ्या रानात तो बसत नाही. झाड पाला वाढवत राहतं आणि मुळं कुजतात. फळझाड हवंच असेल तर बांधाकडेला चिंच लावा, १० मीटर अंतरावर, कलमी. रान ज्वारीलाच राहू द्या.

प्रश्न: माळावर ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं घेतलं, प्लास्टिकचा कागद अंथरला. यावर किती एकर बाग जगेल? (बार्शी तालुका)

उत्तर: तुमच्या तळ्याचा उतार एकास एक धरला तर काठोकाठ भरल्यावर २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं. सगळं बागेला मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण ८ मिलिमीटर उतरते. ९०० चौरस मीटर पृष्ठभागाला हे रोजचे ७ हजार लिटर झाले, लहान डाळिंबाच्या एका एकराच्या गरजेच्या तिप्पट. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत वरचा जवळजवळ एक मीटर ऊनच पितं आणि वरच्याच मीटरात पाणी सर्वांत जास्त, सुमारे ८ लाख लिटर असतं. हाती उरले १३-१४ लाख. फळावर असलेल्या चौथ्या वर्षाच्या डाळिंबाला उन्हाळ्याच्या १३५ दिवसांत एकरी १२ लाखांच्या पुढे लागतं. म्हणजे एका तळ्यावर मोठी झालेली एक एकर बाग.

ही मर्यादा ओलांडायची तर झाडाचं वेळापत्रक बदला. हस्त बहार धरला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी सुरू होतं, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतं आणि ऐन उन्हाळ्यात झाड विश्रांतीला असतं. तेव्हा त्याला जगण्यापुरतंच पाणी पुरतं. तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या दृष्टीनंही पावसाळ्यात फळ वाढवणाऱ्या मृग बहारापेक्षा हस्त बरा. सीताफळ तर उन्हाळ्यात पानं गाळून आपणच झोपतं. एक एकर डाळिंब हस्त बहारावर आणि दीड एकर सीताफळ, अशी तुमच्या तळ्याची जोडी बसते. सीताफळ ५ बाय ५ मीटरवर एकरी १६० झाडं बसतात.

कागद ५०० मायक्रॉनचा असू द्या. तळ्याभोवती कुंपण आणि चारही बाजूंनी आत सोडलेले गाठी मारलेले दोर आजच बसवा. ओल्या कागदावरून घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही, पोहता येत असलं तरीही.

प्रश्न: विहीर नाही, बोअर कोरडं. टँकर परवडत नाही. माळ पडीकच ठेवायचा का? (अक्कलकोट तालुका)

उत्तर: बोरीची झाडं लावा, पण तयार कलम आणून नव्हे. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घेतं, म्हणून ते पाण्याची वाट बघत बसतं. जागेवर बी लावून वाढवलेल्या झाडाचं मूळ सरळ मुरमात उतरतं.

६ बाय ६ मीटरवर, एकरी ११० जागी, २ फुटांचे खड्डे भरून ठेवा. गावठी बोरीच्या पिकल्या फळांच्या आठळ्या धुऊन मिठाच्या पाण्यात टाका, लिटरला १७०-१८० ग्रॅम मीठ. तरंगतात त्या फेकून द्या. बुडालेल्या स्वच्छ धुवा आणि कवच अडकित्त्यानं किंवा हलक्या हातोडीनं तडकवून आतलं बी काढा. कवचासकट पेरलं तर उगवायला ३-४ आठवडे लागतात, सुटं बी आठवड्यात उगवतं. पहिला चांगला पाऊस झाला की दर खड्ड्यात तीन बिया, अर्धा इंच खोल. महिन्यानं जोमदार एक रोप ठेवा. पुढच्या पावसाळ्यात खोड पेन्सिलीएवढं झालं की उमराण किंवा मेहरूण जातीचा डोळा भरा (कलम करा). डोळा फुटल्यावर त्याच्याखाली येणारी गावठी फूट दर आठवड्याला काढत राहा. ती राहिली की दोन वर्षांत झाड पुन्हा गावठी होतं. नव्या बागांत आठळीचीच बोरं लागलेली दिसतात, ती याच दुर्लक्षामुळे.

पहिला उन्हाळा काढायला प्रत्येक रोपाजवळ ५-७ लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. बुडाला बारीक भोक पाडून सुती वात ओवा, तोंडावर खापरी ठेवा. आठवड्याला एकदा भरलं तरी पुरतं. ११० मडकी म्हणजे आठवड्याला फार तर ७७० लिटर, बैलगाडीवरच्या चार बॅरलांचं काम. आळ्यात उसाचं पाचट किंवा तुरीच्या भुसाचा चार बोटं जाड थर द्या, खोडाला टेकू न देता, नाहीतर वाळवी चढते.

प्रश्न: डाळिंबाची रोपं गुटीची (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली) घ्यावी की टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली)? (पंढरपूर तालुका)

उत्तर: नव्या रानात रोग नसतो. तो येतो तो रोपाबरोबर किंवा रोपाच्या पिशवीतल्या मातीबरोबर. गुटी ज्या झाडावर बांधली त्या बागेत तेल्या असेल तर तुम्ही तेल्या विकत घेतला. उन्हाळ्यात तो पानावर दिसत नाही, म्हणून मातृबाग पावसाळ्यात बघून या. पान उजेडासमोर धरल्यावर तेलकट, पाणी शिरल्यासारखे ठिपके, फांदीच्या पेरावर काळी चीर, यातलं एकही दिसलं तर परत फिरा. हे बघणं शक्य नसेल तर जादा पैसे मोजून टिश्यू कल्चर घ्या. जात भगवाच असू द्या, बाजार तिचाच आहे.

रोपं ठरलेल्यापेक्षा शंभरी १० जास्त आणा आणि सावलीत सांभाळा. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) त्याच वर्षी, त्याच वयाच्या रोपांनी भरल्या तर बाग एकसारखी येते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं आणि पुढचे हप्ते जिवंत झाडं मोजून दिले जातात, तिथेही नांग्याच आडव्या येतात.

मधल्या जागेत पहिली दोन वर्षं उडीद, मटकी किंवा हुलगा घ्या. टोमॅटो, वांगी, भेंडी अजिबात नको, सूत्रकृमी त्यांच्यावर पोसून डाळिंबात येतात.

प्रश्न: नवी बाग उघड्या माळावर आहे. हरणं शेंडे खातात आणि जून-जुलैच्या वाऱ्यानं रोपं आडवी होतात. (उत्तर सोलापूर तालुका)

उत्तर: नान्नज परिसरातले काळवीट कायद्यानं पूर्ण संरक्षित आहेत. विजेची तार किंवा फास लावणं गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. पहिली दोन वर्षं प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या काट्यांची छातीएवढी फेर करा. बांधावर यंदाच सागरगोटा किंवा चिलार पेरा आणि त्यात घायपाताचे पिल्ले लावा. हे कुंपण दाट व्हायला तीनेक वर्षं लागतात, म्हणून बागेआधी लागलं पाहिजे. बाहेरच्या दोन ओळी सीताफळाच्या ठेवल्या तर शेळ्याही आत येईपर्यंत कंटाळतात, तो पाला त्या खात नाहीत.

वारा पश्चिम-नैऋत्येचा. त्या बाजूला बाहेरून सुरूची झाडं आणि आतून शेवरी अशी दुहेरी ओळ लावा. ओळीच्या उंचीच्या दहापटीपर्यंत बऱ्यापैकी आडोसा मिळतो. बागेची पहिली ओळ १५ फूट आत घ्या आणि मधे ३ फूट खोल चर काढा, नाहीतर सुरूची मुळं तुमचं ठिबक पितील. रोपाला काठी वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. घट्ट बांधलेली सुतळी सालीत रुतते आणि खोड तिथेच मोडतं.

प्रश्न: डाळिंबाची बाग १४ महिन्यांची आहे. झाडं छातीला आली, फुलं येतायत. व्यापारी म्हणतो बहार धरा, भाव चांगला आहे. हप्तेही थकलेत. (करमाळा तालुका)

उत्तर: हप्ते थकलेले असताना फुलं खुडायला सांगणं सोपं नाही, हे जाणूनच सांगतो: खुडा. १४ महिन्यांच्या झाडानं उंची घेतलेली असते, पण खोड अंगठ्याएवढंच आणि मुळं अजून ठिबकच्या ओल्या गोळ्यातच असतात. फळ धरलं की झाड साठवलेलं सगळं फळात घालतं, मुळांची वाढ थांबते. अशा थकलेल्या झाडात पुढच्या उन्हाळ्यात खोडभुंगा शिरतो. खोडावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पांढरा भुसा दिसला की बहुधा उशीर झालेला असतो.

लागवडीला २४ महिने पूर्ण होऊ द्या. तोवर जमिनीतून तीन-चारच खोडं राखा, बाकीचे फुटवे दर महिन्याला काढा. ठिबकचे दोन ड्रिपर आज खोडाला चिकटून असतील, ते दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट सरकवा म्हणजे मुळं बाहेर पसरतील. पहिल्या बहाराला झाडावर ४०-५० फळांपेक्षा जास्त ठेवू नका. या दहा महिन्यांच्या खर्चासाठी ओळींमधे उडीद आणि त्यापाठोपाठ झेंडू घ्या. झेंडूमुळे सूत्रकृमीही कमी होतात आणि दसरा-दिवाळीला हातात रोख पैसा येतो. बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागा. अर्जासोबत लागवडीची तारीख दाखवणारा ई-पीक पाहणीचा उतारा जोडा.